तिसऱ्या गिअरमधली अडखळ

संपतराव इंगवले गाडी घेऊन आले, तेव्हा ऊर्मिला खराडे एका जीपखाली आडवी झाली होती. तिनं त्यांना बुटांवरूनच ओळखलं. रॅलीचे ते पातळ तळव्यांचे बूट अख्ख्या शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत दुसरं कुणी घालत नसे.

"बाहेर ये जरा," संपतराव म्हणाले. "गाडी अडखळतीय."

"कुठं?"

"वळणातून बाहेर पडताना. तिसरा गिअर, चार हजार आरपीएमच्या आसपास. पाय दाबला की आधी काहीच नाही. मेल्यागत. आणि मग एकदम उडी मारती."

ऊर्मिला अंग झटकत उठली. संपतराव तिचे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान. वय चौपन्न. त्यांच्या फाउंड्रीत एके काळी इंजिनांचे ब्लॉक ओतले जात, आता विजेच्या मोटारींची कवचं ओतली जातात. पण मालकांचा जीव मात्र इंजिनातच अडकलेला. देशभर पेट्रोलच्या गाड्या भंगारात गेल्या तरी कोल्हापूर-सांगलीकडच्या हौशी मंडळींनी त्या टिकवून धरल्या, कारण साखर कारखान्यांचं इथेनॉल हाताशी होतं. संपतरावांची लाल हॅचबॅक त्यातलीच. वीस वर्षांची गाडी, वरून टर्बो बसवलेला, आत पोलादी पाइपांचा पिंजरा. दर मे महिन्यात ते तिच्यातून घाटमाथा रॅली पळवत आणि शेजारच्या सीटवर वळणांच्या नोट्स वाचायला त्यांची बायको शैलजा असे. शैलजा शाळेत भूगोल शिकवायची. बावीस वर्षं हीच जोडी.

यंदाची रॅली बारा दिवसांवर आली होती.

"आणि कुणाला दाखवलीत?" ऊर्मिलानं विचारलं.

संपतरावांनी जरा इकडंतिकडं पाहिलं. "तू गोव्याला गेली होतीस नव्हं. सांगलीच्या एकानं इंधन वाढवून दिलं. मग इचलकरंजीच्या त्यानं ठिणगीची वेळ मागं घेतली."

"म्हणजे आधी मला त्यांची दुरुस्ती काढायला लागणार."

"ते तुझं तू बघ," दाजी म्हणाले. पण ते हसले. अठरा वर्षांपूर्वी डिप्लोमा करून आलेल्या ऊर्मिलाला एकही गॅरेजवाला पाना हातात धरू देत नव्हता, तेव्हा याच माणसानं आपल्या गाडीचं बॉनेट उघडून सांगितलं होतं, 'बिघडव. मग नीट कर.' ती दोन्ही शिकली ती याच इंजिनावर.

साध्या गाडीतला इंजिनाचा संगणक म्हणजे मुळात एक तक्ता असतो. एका बाजूला इंजिनाचा वेग, दुसऱ्या बाजूला त्याच्यावरचा भार, आणि प्रत्येक चौकटीत दोन गोष्टी लिहिलेल्या: इंधन किती सोडायचं आणि ठिणगी कधी टाकायची. गाडीला टर्बो लावला, सायलेन्सर बदलला, की कंपनीचा तक्ता कुचकामी ठरतो. मग बाहेरचा संगणक बसवून नवा तक्ता भरायचा. ऊर्मिलाचा धंदा तोच. पण इथेनॉल आलं आणि तक्ता भरणाऱ्यांची पंचाईत झाली. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. या कारखान्याचा माल वेगळा, त्या कारखान्याचा वेगळा. सोमवारी बरोबर भरलेला तक्ता शुक्रवारी चुकायचा.

त्यावर उपाय म्हणून आली शिकाऊ पेटी; संपतरावांच्या गाडीतही तीच होती. तिच्या मागची कल्पना साधी होती. इंधन जळतं तेव्हा त्या ज्वालेत विजेचे भारित कण तयार होतात. ठिणगी पडून गेल्यावर त्याच प्लगच्या टोकांमधून विजेचा बारीकसा दाब दिला, तर त्या कणांमुळे थोडा प्रवाह वाहतो, आणि त्या प्रवाहाच्या चढउतारांवरून स्फोट कसा झाला ते कळतं. थोडक्यात, आग लावणारा प्लगच आगीवर नजरही ठेवतो. पेटी असा प्रत्येक स्फोट तपासायची आणि तक्ता आपला आपण दुरुस्त करत राहायची.

पेटी आणखी एक गोष्ट शिकायची, तिच्याकडं मात्र फारसं कुणी लक्ष देत नसे. आता ॲक्सिलरेटरला तार नसते. पाय दाबला की पेटीकडं फक्त अर्ज जातो. हवेचं दार किती उघडायचं ते पेटी ठरवते. खडबडीत रस्त्यावर पाय आपोआप उसळतो. तो उसळलेला पाय कुठला आणि मनापासून दाबलेला पाय कुठला, हे पेटी चालवणाऱ्यावरून हळूहळू ओळखायला शिकते आणि उसळी गाळून टाकते. म्हणून तर अशी गाडी पहिल्या महिन्यापेक्षा सहाव्या महिन्यात अंगाला जास्त बसते.

ऊर्मिलाचा नियम होता, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. तिनं सांगली आणि इचलकरंजी दोन्ही पुसून टाकली आणि स्वतःच्या गेल्या वर्षीच्या नोंदीवर गाडी आणली. टाकीतलं इथेनॉल काढून तपासलं. पाणी होतं, पण चालण्याइतपतच. इंधनाचा दाब ठीक. हवेच्या नळ्या साबणाचं पाणी लावून बघितल्या, कुठं फुगा आला नाही. प्लग काढले, अर्थिंगच्या वायरी घासून पुन्हा बसवल्या. मग गाडी डायनोवर चढवली, म्हणजे रुळांवर चाकं ठेवून जागच्या जागी पळवली. तिसऱ्या गिअरमध्ये दोन हजारपासून सहा हजारपर्यंत इंजिन लोण्यासारखं गेलं. अडखळ नाही, काही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं जोतिबाच्या बाजूच्या वळणांवर गेले. संपतराव चालवत होते, ऊर्मिला मांडीवर लॅपटॉप घेऊन शेजारी. तिसऱ्याच वळणावर गाडीनं अडखळून दाखवलं. पाय दाबला, गाडी अर्धा सेकंद नुसती बसून राहिली आणि मग तिनं असा हिसका दिला की लॅपटॉप निसटता निसटता वाचला.

"दिसलं?" दाजी विजयी स्वरात म्हणाले.

"आता मला द्या."

तिनं तेच वळण चारदा मारलं. एकदाही अडखळ आली नाही.

"तू सांभाळून चालवतीस," संपतराव म्हणाले.

पाचव्यांदा तिनं सांभाळलं नाही. मागची चाकं सुटली, दाजींनी वरचा पाइप घट्ट धरला. पण इंजिन एकसंध गात वर गेलं.

वर्कशॉपमध्ये परतल्यावर तिनं दोघांच्या फेऱ्यांच्या नोंदी एकाखाली एक मांडल्या. स्फोट सारखेच स्वच्छ होते. फरक होता तो त्यांच्या आधी, पायाच्या अर्जात. तिच्या पायाची रेघ चढायची, थांबायची, उतरायची. दाजींच्या रेघेला वरपासून खालपर्यंत बारीक दाते होते, करवतीसारखे. पेटी ते दाते गाळत होती, आणि खरा दाब कोणता ते ठरवायला दोन दाते जाऊ देत होती. त्या दोन दात्यांचा वेळ म्हणजेच ती अडखळ.

पेडलचा सेन्सर गेला, असं तिला वाटलं आणि हायसं वाटलं. सेन्सर बदलणं दहा मिनिटांचं काम. पण पेडलला सेन्सर दोन असतात, वेगवेगळ्या वायरींवर, एक बिघडला तर दुसऱ्यानं चुगली करावी म्हणून. दोघांची रेघ हुबेहूब सारखी होती. शिवाय त्याच पेडलवर तिचा स्वतःचा पाय गुळगुळीत होता. इंजिनाची कंपनं म्हणावीत तर ती सेकंदाला तीसच्या पुढं. हे दाते मोजले तर सेकंदाला साडेचार.

शेवटी तिनं सकाळच्या नोंदीतला एक तुकडा उघडला. निघण्यापूर्वी संपतराव किल्ली फिरवून नुसते बसले होते, फोनवर फाउंड्रीतल्या कुणाशी बोलत. इंजिन बंद होतं. पाय पेडलवर टेकलेला.

तिथंही साडेचार.

पेटी दर आठवड्याची नोंद जपून ठेवते. ऊर्मिला मागं मागं जात राहिली. चौदा महिन्यांपूर्वी रेघ स्वच्छ होती. त्यानंतर दाते उगवले होते, आधी दिसतील न दिसतील असे, मग दर महिन्याला थोडे मोठे. पेटीनं एकाही दिवशी तक्रार केली नव्हती. तिच्या दृष्टीनं रस्ता जरा जास्त खडबडीत झाला होता, इतकंच.

ऊर्मिला डॉक्टर नव्हती. पण शांत टेकलेला पाय सेकंदाला साडेचार वेळा थरथरतो याचा अर्थ शोधायला डॉक्टर असावं लागत नाही. तिनं शोधला. मग लॅपटॉप मिटून ती बाहेर जाऊन उभी राहिली. समोरच्या कारखान्यातून ओतकामाचा वास येत होता.

इलाज तिला येत होता, हीच अवघड गोष्ट होती. कंप ठरावीक वेगाचा असेल तर तेवढाच नेमका वजा करता येतो. पेटीला थांबून खात्री करून घ्यावी लागत नाही. तिनं लॅपटॉपवर सकाळचीच फेरी नव्या गाळणीतून काढून पाहिली. अडखळ नाहीशी झाली. अर्ध्या तासाचं काम. दाजींना यातलं काही कळायचं कारण नव्हतं. ते पाठीवर थाप मारून गाडी घेऊन गेले असते.

तिनं बहिणीला फोन केला. शाळा सुटल्यावर शैलजा थेट वर्कशॉपवर आली, पर्समधून डबा काढून तिनं टेबलावर ठेवला. "थालीपीठ आहे. खा आधी. तोंड का असं झालंय?"

ऊर्मिलानं स्क्रीन तिच्याकडं वळवला आणि सगळं सांगितलं. वर्गात पोरांचं उत्तर पुरं होईपर्यंत ऐकून घ्यायची शैलजाची सवय होती.

"म्हणजे कंपवात. पार्किन्सन," शेवटी ती म्हणाली.

"ताई, तुला माहीत होतं?"

"नाव आज जुळलं. बाकी दिसत होतं. शर्टाचं वरचं बटण लावायला वेळ लागतो. चालताना उजवा हात हलत नाही. विचारलं तर म्हणतात, खांदा धरलाय." तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "आणि वळणाला उशीर करतात. म्हणून मी नोट्स आधी वाचायला लागले. 'डावी चार, मग उजवी दोन, घट्ट', हे पूर्वी जिथं म्हणायची, त्याच्या एक खांब आधी म्हणते. गेल्या वर्षी आपण दुसरे आलो ते तसेच."

"मला सांगायचंस तरी."

"काय सांगू? माझा नवरा म्हातारा होतोय म्हणून?" शैलजानं स्क्रीनकडं पाहिलं. "हे तुला नीट करता येतं ना? मग कर. एवढी रॅली होऊ दे. मग मी स्वतः डॉक्टरकडं नेते."

"ॲक्सिलरेटर पेटी सावरेल, ताई. ब्रेकचं काय?"

"ब्रेकचं काय?"

"ब्रेकमध्ये पेटी नाही. पाय, तेल आणि चाक. मधे कुणी नाही. तोच पाय आहे. जोतिबाच्या उताराला तो पाय ॲक्सिलरेटरवरून उचलून ब्रेकवर न्यायला किती वेळ घेतोय ते मी नोंदीत बघितलंय. गेल्या वर्षीपेक्षा दुप्पट." ऊर्मिलाचा आवाज चढला. "आणि शेजारी तू बसतेस!"

शैलजा डब्याचं झाकण उगीचच काढून परत लावत म्हणाली, "तू सांग मग त्यांना. माझ्याच्यानं व्हायचं नाही."

साखर कारखान्याचा गळीत हंगाम संपला होता. ऊस घेऊन येणाऱ्या वाहनांचा तळ रिकामा पडलेला, सपाट, कुंपणापर्यंत नुसता मुरूम. ऊर्मिलानं संपतरावांना तिथं बोलावलं आणि गाडीत बसण्याआधी उभ्या उभ्या सांगून टाकलं. गाडीत दोष नाही. दोष पायात दिसतोय. डॉक्टरला दाखवायला हवं.

दाजी हसले. "तुला सापडंना म्हणून माझ्या पायावर ढकलतीस होय?"

"पेटीची गाळणी मी बंद केलीय. पाय सांगेल तसंच इंजिन करेल. एक फेरी मारा."

ते बसले. गाडी सुटली आणि पहिल्या पन्नास फुटांतच तिनं डोकं झटकायला सुरुवात केली. पुढं, मागं, पुढं, मागं. जणू लगाम ओढत-सोडत कुणी घोडा चालवतोय. संपतरावांनी पाय उचलला, परत ठेवला. पुन्हा तेच. तळाच्या टोकाला त्यांनी गाडी थांबवली.

"सेटिंग चुकवलंयस तू."

ऊर्मिलानं त्यांना उतरायची खूण केली. त्याच सेटिंगवर, त्याच पेडलवर तिनं तळाला पूर्ण वळसा घातला. धुरळा सरळ रेघेत उठत गेला. ती परत येऊन उभी राहिली तेव्हा संपतराव स्वतःच्या उजव्या पायाकडं बघत होते. पायाखाली मुरूम अगदी हलका खसखसत होता.

"किती दिवस?" त्यांनी विचारलं.

"चौदा महिने. नोंदीत तरी."

"म्हणजे गेल्या वर्षीचा कप..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. मग एकदम मान वर केली. "शैलाला माहितीय?"

ऊर्मिलानं नजर लॅपटॉपकडं वळवली आणि तेवढ्यावरून त्यांना कळलं.

"वा," संपतराव म्हणाले. "गाडीला माहीत, बायकोला माहीत, मेहुणीला माहीत. चालवणाऱ्याला तेवढं माहीत नाही. मग इतके दिवस गाडी चालवत होतं कोण?"

"दाजी..."

"हे गाळता येतं ना तुला? अडखळ न येता?"

"येतं."

"मग गाळ."

"ब्रेक गाळता येत नाही."

"ब्रेकचं मला शिकवतीस? मी?" त्यांचा चेहरा लाल झाला. "मी तुझ्याकडं गाडी दाखवायला आणली होती, ऊर्मिला. पाय नव्हता आणला. तुला विचारलं होतं का मी, माझ्या पायात काय आहे म्हणून?"

त्यांनी खरंच विचारलं नव्हतं. संपतरावांनी लॅपटॉपची वायर हिसकून बाहेर फेकली, गाडीत बसले आणि तशीच झटके खात गाडी फाटकाबाहेर घेऊन गेले.

पुढचे नऊ दिवस त्यांनी तिचा फोन घेतला नाही. सांगलीच्या ट्यूनरनं त्यांना कंप वजा करणारी गाळणी बसवून दिल्याचं तिला बाहेरून कळलं. शैलजाला विचारलं तर ती म्हणाली, "घरात कुणी बोलत नाही. जेवण होतं, भांडी होतात."

रॅलीच्या सकाळी ऊर्मिला बावड्याला, गाड्या सुटायच्या जागी पोचली तेव्हा सगळे रांगेत लागले होते. लाल हॅचबॅक सातवी. संपतराव हेल्मेट घालून आत बसलेले, इंजिन चालू, पाय पेडलवर. शेजारची सीट रिकामी. शैलजा गाडीच्या पुढं, बंपरपासून हातभर अंतरावर उभी होती. अंगात रॅलीचा सूट, काखेत नोट्सची वही, हेल्मेट खाली रस्त्यावर ठेवलेलं.

"बस की," संपतराव खिडकीतून म्हणाले. "सहावी सुटली."

"मी बसणार नाही."

"शैला, लोक बघतायत."

"बघू देत. बावीस वर्षं बसले ना? तुमच्यावर विश्वास नव्हता म्हणून बसत होते का? आज नाही बसायचं मला. आणि तुम्हीही जाऊ नका."

नॅव्हिगेटर नसेल तर गाडी सोडत नाहीत, असा नियम होता. पण आजूबाजूला हेल्मेट घेतलेले दहा जण उभे होते. संपतराव इंगवल्यांच्या शेजारी बसायला मिळतंय म्हटल्यावर कुणीही उडी मारली असती. एक जण पुढं आलाही. "काका, मी येऊ?"

संपतरावांनी त्याच्याकडं पाहिलं. तेवीस-चोवीस वर्षांचा असेल. झेंडेवाल्यानं हात वर करून विचारलं, सात नंबर तयार? संपतरावांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. ऊर्मिला पंधरा पावलांवर होती, तिला त्यांचा पाय दिसत नव्हता. दिसत होते फक्त त्यांचे डोळे. ते त्या तरुणावरून हलले, शैलजावर आले आणि तिथंच थांबले.

मग त्यांनी किल्ली फिरवली. इंजिन बंद झालं. मागच्या गाडीनं हॉर्न वाजवला, चार जणांनी मिळून सात नंबर ढकलत बाजूला घेतली.

कोल्हापुरातल्या डॉक्टर निलोफर अत्तार मेंदूविकारतज्ज्ञ होत्या. त्यांनी संपतरावांना चालायला लावलं, बोटं आपटायला लावली, एक कागद भरून लिहायला लावलं. रोग तोच निघाला. मग शैलजानं ऊर्मिलाकडून आणलेला चौदा महिन्यांचा आलेख त्यांच्यासमोर ठेवला. डॉक्टरांनी तो पहिल्या महिन्यापासून शेवटपर्यंत वाचला.

"असा कागद मला आजवर कुणी आणून दिला नव्हता," त्या म्हणाल्या. "माणसं माझ्याकडं येतात ना, तेव्हा ती साधारण इथं असतात." त्यांनी बोट ठेवलं ते आलेखावर नव्हे, कागद संपल्यावर पुढं टेबलाच्या लाकडावर, वीतभर लांब. "तुम्ही अजून इथं आहात." बोट मागं, कागदाच्या कडेवर आलं. "गोळ्या चांगला उपयोग करतील. बरीच वर्षं आहेत हातात."

"गाडी?"

"गावात, स्वतःहून ब्रेक लावणाऱ्या नव्या गाडीतून, तूर्त चालेल. घाट नाही."

त्यांनी आणखी एक मागितलं. रोज सकाळी गोळीच्या आधी आणि गोळीनंतर तासाभरानं, इंजिन बंद ठेवून दोन मिनिटं पाय पेडलवर ठेवायचा, आणि ती नोंद त्यांना पाठवायची. गोळी किती द्यायची हे त्या रेघेवरून नेमकं ठरणार होतं. तेव्हापासून लाल हॅचबॅक इंगवल्यांच्या पोर्चमध्ये उभी राहिली, आणि संपतराव रोज सकाळी पेपर घेऊन तिच्यात बसू लागले.

ही बातमी पसरायला वेळ लागला नाही. ऊर्मिलाकडं अडतीस गिऱ्हाइकांच्या पायांच्या नोंदी होत्या. त्यातल्या कुणाच्या रेघेत दाते असतील हे बघणं तिच्या हातात होतं, आणि तिनं त्या उघडल्या नाहीत. दाजींनी तळावर विचारलेला प्रश्न तिच्या डोक्यातून गेला नव्हता. तिनं एक कागद छापून घेतला: तुमच्या पायाच्या नोंदीत गाडीबाहेरचं काही दिसलं, तर तुम्हाला सांगायचं का? होय किंवा नाही, आणि खाली सही. एकवीस जणांनी होय म्हटलं. पंधरा जणांनी नाही. एक वकील म्हणाले, "मला नको, माझ्या मुलाला सांगा." त्याला ती नाही म्हणाली. एकानं पेटीच काढून घेतली आणि जुना तक्ता बसवायला लावला.

होय म्हणणाऱ्या एकवीसपैकी एकाच्या रेघेत तिला काहीतरी दिसलं. ते तिनं त्याला त्याच दिवशी, दुपारी, दार लावून सांगितलं. सोपं गेलं नाही. पण त्यानं विचारलं होतं.

संपतराव तिच्याशी बोलत नव्हतेच. सणावाराला गेली तर 'ये' म्हणत, आणि टीव्हीकडं बघत बसत. सप्टेंबरच्या एका शनिवारी मात्र लाल हॅचबॅक वर्कशॉपच्या दारात येऊन उभी राहिली. संपतराव एकटेच उतरले. गोळ्या लागू पडल्या होत्या. चाल जवळजवळ पूर्वीसारखी होती, आणि तेवढ्या अंतरापुरती ही गाडी चालवायला डॉक्टरांनी परवानगी दिली होती.

"पेटी पुसायची आहे," ते म्हणाले.

"पुसायची म्हणजे?"

"माझा पाय काढायचा तिच्यातून. सगळा. डॉक्टरीण बाईंनी दवाखान्यात वेगळं पेडल बसवून घेतलंय, आता गाडीची गरज नाही."

"गाडी विकताय?"

"शैला चालवणार म्हणती." त्यांनी हे असं सांगितलं, जणू गावात एखादं नवीन दुकान निघालंय. "हौशी वर्गात. मी नोट्स वाचणार. एकोणपन्नासाव्या वर्षी तिला हे सुचलंय. मी म्हटलं, तुला जमायचं नाही. तर म्हणती, बावीस वर्षं तुम्ही चुकता कुठं तेच बघत बसलेय."

ऊर्मिला हसली नाही. हसली असती तर डोळ्यांतून पाणी आलं असतं. ती लॅपटॉप घेऊन आली, वायर जोडली. स्क्रीनवर प्रश्न आला: चालकाची सर्व नोंद कायमची पुसायची?

"प्रत ठेवू का एक?" तिनं विचारलं. "थरथर सुरू व्हायच्या आधीची. पाच वर्षांची आहे."

संपतराव ड्रायव्हरच्या सीटवर बसले होते, पाय बाहेर सोडून. "डॉक्टरकडं थरथर आहे. तुझ्याकडं गाडी कशी चालवायचो ते आहे. नाही का?"

"आहे."

"मग त्यात तुला शिकण्यासारखं काही असेल तर ठेव. माझ्यासाठी ठेवू नकोस." त्यांनी तिच्या हातातून लॅपटॉप घेतला आणि बटण स्वतः दाबलं. मग जरा घसा खाकरून म्हणाले, "त्या दिवशी वायर ओढली मी. तुटली होती का?"

"नवी आणली."

"बरं."

एवढ्यात रिक्षातून शैलजा उतरली. शाळेतून थेट आली होती, खांद्याला पर्स, पायात मात्र नवे कोरे, पातळ तळव्यांचे बूट. ती गाडीच्या डाव्या बाजूला गेली, सवयीनं, आणि दाराच्या कडीला हात लावून थबकली. संपतराव उजव्या बाजूनं उतरले. बॉनेटला वळसा घालून दोघं पुढच्या दिव्यांपाशी समोरासमोर आले. क्षणभर कुणी कुणाला वाट द्यायची तेच ठरेना.

"कोरी आहे पेटी," ऊर्मिला म्हणाली. "पहिले काही दिवस झटके मारेल. तुझा पाय तिला माहीत नाही."

शैलजानं मान डोलावली, पर्स संपतरावांच्या हातात दिली आणि उजव्या सीटवर जाऊन बसली. स्टिअरिंग फार लांब होतं. तिनं पाय लांबवून बघितले. पेडलला बुटाची टोकं कशीबशी लागत होती.

संपतराव डाव्या सीटवर टेकले, पर्स मांडीवर ठेवली आणि पट्टा ओढून घेतला. "सीट पुढं घे की," ते म्हणाले. "खाली दांडी आहे. वर ओढ आणि सरक."

शैलजानं खाली वाकून दांडी चाचपडली. सीट करकरली. कित्येक वर्षांत कुणी ती जागची हलवली नव्हती. मग ती एक खाच पुढं सरकली, आणखी एक, आणि आणखी एक.